एकोणिसावी पायरी

गुरुवार होता. आमच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सकाळी साडेआठला मी निगडीच्या बस स्थानकावर चाकणच्या बसची वाट बघत उभी होते. पिशवीत एक वही, एक पेनड्राइव्ह आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. फोन वाजला, वर नाव ‘मंदाताई’. मी उचलल्या उचलल्या म्हटलं, “निघालेय हो, बसच नाही अजून, ओरडू नका.” पलीकडून त्यांची सून स्वाती बोलत होती. “शोभामावशी, आज येऊ नका...” म्हणाली. आणि मग, “नाही, या. आई गेल्या.” अंगण झाडताना छातीत कळ आली, चाकणच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय त्रेपन्न. मी तिथल्याच बाकावर बसले. सांगायला लाज वाटते, पण खोटं लिहिलेलं मंदाताईंना चालायचं नाही म्हणून सांगते... डोक्यात पहिला विचार आला तो हा की, आता एकोणिसाव्या पायरीचं काय?

ही पायरी कसली, ते सांगायला पंधरा वर्षं मागं जावं लागेल. लग्न होऊन मी लातूरकडून निगडीला आले आणि वर्षभरातच चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. गाड्यांच्या इंजिनात बसणारे लहानमोठे भाग तिथं तयार होतात. ते बाहेर जाण्याआधी त्यांचं माप घेणाऱ्या आम्ही चौदा बायका एका लांब टेबलाशी बसायचो. माप बरोबर असेल तर भागावर हिरव्या रंगाचा ठिपका, नसेल तर लाल. मंदाताई तिथं माझ्या नऊ वर्षं आधीपासून होत्या. चाकणजवळच्या गावातल्या शेतकरी घरातली बाई, नववारी सोडून पाचवारी नेसायला लागली तीच मुळी कंपनीत गार्डनं हटकलं म्हणून. माझी भाषा ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “लांबून आलीस व्हय? बस हितं.” आणि स्वतःच्या शेजारची जागा दिली. ती जागा पंधरा वर्षं माझीच राहिली.

आमच्या कामात एक नेम असतो. भागाच्या भोकाचं माप घ्यायचं तर आधी पक्क्या मापाच्या एका कड्यात गेज, म्हणजे माप घ्यायचं काट्याचं उपकरण, घालून त्याचा काटा शून्यावर आणायचा. ह्याला आम्ही झिरो लावणं म्हणतो. प्रत्येक शिफ्टला आणि स्वतःच्या हातानं. आधीच्या शिफ्टच्या बाईनं लावलेला चालत नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी तो लावायचा विसरले आणि शिफ्टभर माल हिरवा करत बसले. शिफ्ट संपताना मंदाताईंनी सहज माझं गेज कड्यात घातलं. काटा दोन रेघा बाजूला. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. त्या फक्त म्हणाल्या, “त्ये खोकं हिकडं वढ.” आम्ही दोघींनी तो सगळा माल पुन्हा मोजला. कंपनीची बस निघून गेली, आम्ही तरकारीच्या टेम्पोत बसून चौकापर्यंत आलो. त्याआधी रजिस्टरमध्ये नोंद करायची होती. ‘कारण’ ह्या रकान्यात मी ‘गेज खराब’ असं लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. “गेजनं काय क्येलंय बिचाऱ्यानं? जे झालं त्ये लिही.” मी माझं नाव लिहिलं. साहेब दुसऱ्या दिवशी ओरडले, पण पुढं काही झालं नाही.

आता खऱ्या गोष्टीकडं येते. मागच्या वर्षी क्वालिटीच्या साहेबांनी आम्हा चौदा जणींना बोलावून सांगितलं की, हाताच्या मोजणीचं टेबल बंद होणार. नवीन यंत्र स्वतःच माप घेईल आणि आकडे थेट लॅबमधल्या कॉम्प्युटरवर जातील. ते आकडे ओढून घेणारे, त्यांचे तक्ते काढणारे छोटे प्रोग्रॅम चालवायला चार जणी लागतील. बाकीच्या पॅकिंगला, दुसऱ्या इमारतीत, ठेकेदाराच्या हाताखाली. कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतो, प्रोग्रॅमची भाषा पायथन आहे. ज्यांना चाचणी द्यायची त्यांना कोरं मशीन मिळेल; त्यावर सगळं स्वतः बसवून प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. आमच्यातल्या बऱ्याच जणींनी कॉम्प्युटर बघितला होता तो रेशनच्या नाहीतर आधारच्या कामाला गेल्यावर, काउंटरच्या पलीकडून. माझी मुलगी आठवीला, नवरा शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो, ते कधी असतं कधी नसतं. माझी पक्की नोकरी गेली असती तर काय झालं असतं ह्याचा हिशोब मी बसमध्ये करत बसले होते. मंदाताई मात्र चिडल्या होत्या. “चोवीस वर्सं माप घ्येतलं, आन् आता खोकी चिकटवू व्हय? न्हाई जमायचं. दोघी चाचणी देऊ.”

मी म्हटलं, “ताई, आपल्याला माऊस धरता येत नाही.”

“गेज तरी कुठं यायचं तुला?”

दुसऱ्या आठवड्यात त्या साहेबांकडं गेल्या आणि लॅबच्या भंगारात पडलेला एक जुना कॉम्प्युटर गेटपाससकट मागून आणला. चादरीत गुंडाळून, कंपनीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन त्या तो गावी घेऊन गेल्या. ड्रायव्हरनं विचारलं, “काय मंदाताई, नातू झाला का?” त्या म्हणाल्या, “व्हय, पण आजून बोलत न्हाई.” साहेबांनी लिनक्सचा पेनड्राइव्ह दिला, दोन-चार पानं छापून दिली आणि शुभेच्छा दिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ही दोन बायकांची चार दिवसांची हौस आहे.

मग दर गुरुवारी मी त्यांच्या घरी. ते घर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना मंदाताई कळायच्या नाहीत. कंपनीत ‘फाइव्ह एस’ नावाचं एक प्रकरण असतं : प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला नाव, आणि जे लागत नाही त्याला लाल टॅग लावून बाहेर. मंदाताई त्या कमिटीवर होत्या आणि ते त्यांनी घरीही लागू केलं होतं. डब्यांवर नावं, चपलांच्या रांगा आखलेल्या, आणि भिंतीवर रंगानं काढलेली झाडूची बाह्यरेषा, म्हणजे झाडू जागेवर नसेल तर लगेच कळावं. सून हसायची, पण झाडू तिथंच टांगायची.

पहिल्या गुरुवारी आमचे चार तास पासवर्डपाशी गेले. लिनक्समध्ये टर्मिनल नावाची काळी खिडकी असते, तिच्यात पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकासुद्धा नाही. आम्हाला वाटलं कीबोर्ड बिघडला. शेजाऱ्यांचा मागून आणला, तोही तसाच. तिसरा आणायला स्वाती निघाली होती तेवढ्यात मंदाताईंनी रागानं एंटर दाबलं आणि काम झालं. “आगं, त्ये बघत होतं सगळं, दाखवत न्हवतं नुसतं!” त्या खूश झाल्या. सगळ्या मोठ्या कामाआधी लिनक्स हा पासवर्ड मागतो, त्याला त्यांनी ‘सुपरवायझरची सही’ असं नाव दिलं. इंटरनेट माझ्या फोनवरून. आणि फोनला रेंज यावी म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या गजाला बांधलेला.

तिसऱ्या गुरुवारी मी गेले तर मशीन सुरूच होईना. काळा पडदा आणि चार ओळी इंग्रजी. मंदाताईंनी वही पुढं केली. मधल्या आठवड्यात त्या एकट्याच मशीन बघत बसल्या होत्या, आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात त्यांना पंधरा-वीस फोल्डर दिसले, काही रिकामे, काहींची नावं तीन अक्षरी, कशाचा कशाला पत्ता नाही. कंपनीत असला कप्पा कोणी ठेवला असता तर त्यांनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं असतं. मग त्यांनी सुपरवायझरची सही वापरून त्याची फाइव्ह एस केली! रिकामे फोल्डर काढून टाकले, उरलेले ‘हत्यारं’, ‘कागदपत्रं’ आणि ‘लागत नाही’ अशा तीन नव्या फोल्डरांत रचायला घेतले. अर्ध्यावर मशीननं एकाही हुकमाला उत्तर देणं बंद केलं. वहीत त्यांनी रीतसर यादी केली होती, कुठला फोल्डर कुठं हलवला त्याची, लाल पेनानं. आणि खाली, आमच्या रजिस्टरसारखा रकाना आखून : ‘मशीन नापास. कारण : मी.’

मी पोट धरून हसले. नंतर साहेबांना सांगितलं तर तेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि म्हणाले, “मंदाताई, लिनक्स स्वतःच्या वस्तू स्वतःच्या जागी ठेवतो, त्याला तुमची कमिटी नको.” पण हसणं झालं की मंदाताईंनी पेनड्राइव्ह लावला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा बसवलं. ह्या वेळी एकेक पायरी लिहीत. तिथून आमची शीट सुरू झाली, कंपनीत प्रत्येक कामाची असते तशी.

तीन रकाने. काय करायचं, काय दिसलं पाहिजे, न दिसल्यास काय. इंग्रजी हुकूम त्या अक्षर न् अक्षर चित्रासारखे उतरवायच्या. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची राहिली की सगळं बिघडतं हे दोन-तीनदा अनुभवल्यावर, जिथं जागा सोडायची तिथं त्यांनी हिरव्या रंगाचा ठिपका द्यायला सुरुवात केली, आमच्या टेबलावरच्या त्याच मार्करनं. एकूण चोवीस पायऱ्या झाल्या. सतराव्या पायरीत एक वेगळी जागा बनवून उघडायची होती, जिच्यात फक्त ह्या प्रोग्रॅमला लागणारं सामान राहील आणि बाकीच्या मशीनमध्ये मिसळणार नाही. साहेब तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणायचे. मंदाताई म्हणाल्या, “म्हंजी ट्रे. ह्या भागाचे गेज ह्या ट्रेत, त्या भागाचे त्या ट्रेत. एवढं सोपं, आन् नाव केवढं!” शीटवर त्यांनी ‘ट्रे’ असंच लिहिलं.

मला वाटलं झालं आता, मशीन चालतंय, प्रोग्रॅम शिकू. पुढच्या गुरुवारी गेले तर त्यांनी सगळं पुसून ठेवलेलं. “बस. शीट बघून पयल्यापास्नं लाव. मी बोलनार न्हाई.” आणि खुर्ची फिरवून माझ्याकडं पाठ करून लसूण सोलायला घेतला. मी काही विचारलं की उत्तर नाही. फक्त पायरीचा नंबर लिहून घ्यायच्या. त्या दिवशी अकरा प्रश्न झाले. त्या अकरा पायऱ्या त्यांनी आठवडाभरात नव्यानं लिहिल्या. पुढच्या गुरुवारी परत मशीन पुसलेलं. शीटच्या कोपऱ्यात त्यांनी एक तक्ता आखला होता : गुरुवार, प्रश्न किती, कारण. अकरा, सात, चार, तीन. कारणाच्या रकान्यात प्रत्येक वेळी ‘शीट’.

मी एकदा भांडले. खरंच भांडले. माझ्याजवळ वेळ नव्हता, चाचणी महिन्यावर आली होती, आणि ही बाई चांगलं चालणारं मशीन दर आठवड्याला कोरं करत होती. मी म्हटलं, “ताई, ह्याला काही अर्थ आहे का? माझी नोकरी आहे, तुमचा खेळ होतोय.” त्यांना लागलं असावं, कारण लसणाची पाकळी हातात तशीच राहिली. पण आवाज चढला नाही.

“शिफ्ट बदलली की झिरो लावतीस का न्हाई?”

“लावते.”

“कालच्या बाईनं लावल्याला आसतो की.”

मग त्या म्हणाल्या, “उद्या तुला कोरं मशीन द्येत्यात. मी शेजारी नसन, माझ्या मशीनवर मी आसन. दुसऱ्या शिफ्टच्या बाईला फोन करून इचारावं लागलं, तर चूक बाईची नसती, शोभा, शीटची आसती.” त्यांचं हे म्हणणं आता सगळे जण फार गंभीरपणे एकमेकांना सांगतात. दहाव्याला चार बायका म्हणाल्या की मंदाताईंना कळलं होतं, म्हणून जाण्याआधी शिकवून गेल्या. मला नाही तसं वाटत. त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. चाचणीला नेसायची साडी त्यांनी इस्त्रीला दिलेली होती आणि चाचणीत माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवायचे हे त्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्या तशाच होत्या, मरणार नसत्या तरी तसंच वागल्या असत्या. उगाच त्यांना संत करू नये.

शेवटच्या गुरुवारी एकच प्रश्न झाला. अठराव्या पायरीत प्रोग्रॅमला लागणारं सामान ट्रेत टाकून मी चहासाठी उठले, काळी खिडकी बंद केली, परत येऊन उघडली, आणि एकोणिसाव्या पायरीवर प्रोग्रॅम म्हणायला लागला की त्याला लागणारं सामानच सापडत नाही. आत्ता तर टाकलं होतं! “ताई, होतं ते गेलं कुठं?” पाठमोऱ्या मंदाताईंनी वहीत ‘१९’ लिहिलं. मी निघताना म्हणाल्या, “फुडल्या गुरवारी शून्य येतंय बघ. मग तू सही करायची.” कंपनीच्या प्रत्येक शीटखाली दोन चौकटी असतात, ‘तयार करणार’ आणि ‘तपासणार’. लिहिणाऱ्यानंच तपासायचं नसतं. त्यांची सही झालेली होती. माझी चौकट शून्य प्रश्न येईपर्यंत कोरी ठेवायची असं त्यांनी ठरवलं होतं. फाटकापर्यंत सोडायला आल्या, चटणी संपली म्हणून सांगितलं. बस इतकंच.

म्हणून त्या सकाळी निगडीच्या बाकावर मला आधी एकोणिसावी पायरी आठवली, आणि मग मंदाताई. स्वतःचा राग आला. अजूनही येतो.

दहाव्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा झाडू भिंतीवर आखलेल्या जागी टांगलेला होता. कोणी उचलून ठेवला असेल कोण जाणे. स्वातीनं प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली शीट आणून दिली. “बुधवारी संध्याकाळी लिहीत होत्या,” म्हणाली. मी ती तिथं उघडली नाही. दोन दिवसांनी चाचणी होती, तेव्हाही आदल्या दिवशी वाचायची असं ठरवून वाचली नाही. धाडस झालं नाही, खरं कारण तेच.

चाचणीला नऊ जणी होतो. साहेबांनी स्वतःच्या नोंदी वापरायला परवानगी दिली होती, कारण कामाच्या जागी शीट असतेच. दहावा कॉम्प्युटर रिकामा होता. तो काढायचा राहिला, का साहेबांनी मुद्दाम काढला नाही, मी विचारलं नाही. मी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. हिरव्या ठिपक्यावर जागा सोडत, दुसऱ्या रकान्यात लिहिलंय तेच पडद्यावर दिसतंय का बघत. अठरा पायऱ्या सरळ झाल्या. मग साहेबांनी सगळ्यांना पाणी प्यायला पाच मिनिटं दिली, आणि मी, पंधरा वर्षं शिस्तीत काढलेली बाई, सवयीनं खिडकी बंद करून उठले. परत आले, शीट न बघताच पाठ झालेला हुकूम दिला, आणि तेच. सामान सापडत नाही.

मी मागं वळले. “ताई, हे परत...” एवढं मोठ्यानं तोंडातून गेलं. मागं भिंत होती. शेजारच्या दोघींनी वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. मग मी शीटवर नजर टाकली. एकोणिसावी पायरी खोडून चिकटवलेल्या नव्या पट्टीवर लिहिलेली होती. ‘ओळीच्या सुरुवातीला कंसात ट्रेचं नाव दिसतंय का बघ.’ दिसत नव्हतं. तिसऱ्या रकान्यात, न दिसल्यास काय : ‘घाबरू नको शोभा. सामान हाय तिथंच हाय. खिडकी बंद केली की ट्रे मिटतो. पायरी १७ची शेवटची ओळ परत दे.’ चोवीस पायऱ्यांच्या त्या शीटवर माझं नाव एवढ्या एकाच ठिकाणी आहे. मी सतराव्या पायरीची शेवटची ओळ परत दिली. कंसात ट्रेचं नाव आलं, प्रोग्रॅम चालला, पडद्यावर तक्ता उमटला. अक्षरं मला नीट दिसत नव्हती, साहेबांनीच वाचून घेतली.

चार जणींत माझं नाव आलं. आता मी लॅबमध्ये बसते. चाचणीत राहिलेल्यांपैकी दोघींना मी गुरुवारी शिकवते; पुढच्या वर्षी आणखी दोन जागा निघतील असं साहेब म्हणाले आहेत. शीट लॅमिनेट करा, लॅबच्या भिंतीवर लावू, असंही ते दोनदा म्हणाले. मी म्हटलं, अजून तपासणाऱ्याची सही झालेली नाही. ते म्हणाले, “अहो, करा की तुम्ही, आता काय राहिलंय?” मी सही करणार होते, पेनही उघडलं होतं. मग कोपऱ्यातला तक्ता दिसला. अकरा, सात, चार, तीन, एक, आणि त्याखाली शेवटची ओळ कोरी. सही करायची तर तिथं शून्य लिहायला हवं होतं, आणि प्रश्न तर मी विचारला होता. उत्तर समोर लिहिलेलं असताना, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

चौकट अजून कोरी आहे. शेवटची ओळ मात्र मी भरली, जे झालं ते लिहून. प्रश्न : एक. कारण : मी.